पुरुषांचीं ब्रह्मचर्यबंधनें : घडण, द्रव्य आणि धोका

लांकडाचा किंवा लोखंडाचा कटिबंध व त्यास जोडलेली लंगोटी अशी वस्तु संग्राहकाच्या हातीं आली, म्हणजे तिला 'ब्रह्मचर्याचें कुलूप' असें नांव देऊन मोकळें होण्याचा मोह पडतो. परंतु व्रताचें चिन्ह, उपचाराचें साधन आणि कुलूप या तीन निरनिराळ्या वस्तु होत. त्यांतील भेद नांवावरून ठरत नाहीं, घडणीवरून ठरतो. हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय संकोचाचा खरा. पण स्मृतिकारांनीं व वैद्यकग्रंथकारांनीं जो संकोच धरला नाहीं, तो संशोधकानेंही धरण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडील परंपरेचें मूळ मेखलेंत आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मण बटूस मुंजतृणाची, क्षत्रियास मूर्वेची व वैश्यास तागाची मेखला सांगितली आहे. ब्राह्मणाची मेखला तिपेडी, सारखी व मऊ असावी असेंही तेथें स्पष्ट म्हटलें आहे. अंगास लागून राहणारी वस्तु टोंचूं नये, ही काळजी स्मृतिकारानें घेतली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. 'कौपीन' शब्दाची कथा अशीच बोधक आहे. पाणिनीनें तो (५.२.२०) 'अकार्य' या अर्थीं साधला असून परंपरेनें त्याचा संबंध 'कूप' शब्दाशीं जोडला आहे. जें विहिरींत लोटावें, म्हणजे लपवावें, तें कौपीन. पुढें हा शब्द गुह्यांगास व अखेर त्यावरील वस्त्रास लागला. मेखला व कौपीन या दोहोंतही बांधणारा आणि सोडणारा एकच, तो व्रतस्थ स्वतः.

हीच मेखला वैरागी पंथांत कठीण होत गेली. रामानंदी त्यागी साधूंमध्यें कमरेचा अडबंध मुंजतृणाचा असतो, तसा लांकडाचाही असतो. लांकडी अडबंध वापरणारे ते 'काठिया'. निंबार्क संप्रदायांतील वृंदावनच्या रामदास काठियाबाबांचें नांव यावरूनच पडलें. लोखंड वापरणाऱ्यांस 'लोहलंगरी' म्हणतात. महाराष्ट्रांत हे साधु पाहण्याचें ठिकाण म्हणजे नाशिकचा सिंहस्थ. इ. स. १७८९ च्या सिंहस्थांत शैव संन्यासी व वैष्णव बैरागी यांच्यांत मोठा रक्तपात झाला. पुढें पेशव्यांच्या निवाड्यानें बैराग्यांचें स्नान नाशिकास व संन्याशांचें त्र्यंबकास ठरलें, ही हकीकत ताम्रपटावरून प्रसिद्ध आहे. काष्ठ व लोह धारण करणारे हे वैष्णव साधु म्हणूनच नाशिकच्या बाजूस आढळतात. त्यांचा अडबंध जड असतो, दिसण्यांत उग्र असतो. पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातीं नसते. तें चिन्ह आहे, कुलूप नव्हे.

खरें बंधन म्हणावें असें उदाहरण हैदरी फकिरांचें. दौलताबादेवरून गेलेला इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी खोरासानांतील झावा गांवच्या कुत्बुद्दीन हैदराच्या अनुयायांविषयीं लिहितो, कीं ते हातांत, गळ्यांत व कानांत लोखंडी कडीं घालतात, आणि संभोग अशक्य व्हावा म्हणून शिश्नासही कडें घालतात. सोळाव्या शतकांत निकोला द निकोले या फ्रेंच प्रवाशानें तुर्कस्थानांतील कलंदराचें चित्रच असें कडें दाखवून छापलें आहे.

अशा कड्याची शस्त्रक्रिया कशी करीत, याचें स्पष्ट वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार केल्सस याच्या वैद्यकग्रंथाच्या सातव्या भागांत मिळतें. आवाज टिकावा किंवा प्रकृति राहावी म्हणून तरुणांस कडी घालीत. अग्रत्वचा पुढें ओढून दोन्ही बाजूंस शाईच्या खुणा करावयाच्या. त्वचा सोडल्यावर खुणा मण्यावर सरकल्या, तर त्या आणखी पुढें घ्यावयाच्या. मग सुईनें दोरा ओंवून तो रोज हलवीत राहावयाचा. छिद्रें पक्कीं भरल्यावरच कडी घालावयाची, व ती जितकी हलकी तितकी चांगली. आणि एवढें सांगून केल्सस शेवटीं म्हणतो, कीं हें कर्म आवश्यक असण्यापेक्षां अनावश्यकच अधिक वेळां असतें!

कड्यानें काय बिघडतें, हें समजण्यास सुश्रुत उपयोगी पडतो. क्षुद्ररोगांत त्यानें 'परिवर्तिका' सांगितली आहे. मर्दनानें, दाबानें किंवा आघातानें अग्रत्वचा मागें उलटते व मण्याखालीं गांठीसारखी लोंबते. वेदना व दाह होतो. उपाय म्हणून तूप लावून शेकावें, पोटीस बांधावें, आणि मग मणी दाबून त्वचा हळूहळू पुढें आणावी. आजचे शल्यवैद्यही मागें अडकलेली त्वचा अशीच, सूज दाबून, पुढें आणतात.

युरोपांत अठराव्या शतकानंतर निराळेंच प्रकरण सुरू झालें. तिसो याच्या १७६० च्या ग्रंथानें हस्तमैथुनाची मोठी भीति पसरविली. एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या मिल्टन या वैद्यानें आंतून कांटे असलेलीं कडीं सुचविलीं. १९०८ सालीं अमेरिकेंत एलेन पर्किन्स या बाईंस पुरुषांच्या 'लैंगिक चिलखता'चें पेटंट मिळालें. ज्या समजुतीवर हीं साधनें उभीं होतीं, तिच्यावर आपल्याकडे र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून हल्ला केला. वाचकांच्या अशाच प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. कर्व्यांस दंड झाला खरा, पण आज वैद्यक कर्व्यांच्या बाजूस आहे.

आजचें साधन वृषणामागील एक कडें, त्यास जोडलेला पिंजरा व कुलूप असें असून तें पोलाद, पारदर्शक प्लास्टिक किंवा सिलिकोन यांचें असतें. स्वेच्छेनें वापरणारे तें वापरतात. धोका मात्र जुनाच आहे. निरोगी पुरुषास झोंपेंत रात्रीं अनेक वेळां ताठरता येते. कडें आंवळ असल्यास रक्त आंत येतें, परत जात नाहीं, सूज चढते व कडें मुळींच निघत नाहीं. भारतीय शल्यवैद्यांनीं १९९१ सालीं अशा इजेच्या पांच पायऱ्या मांडल्या आहेत. पहिली नुसत्या सुजेची, शेवटची अवयव सडण्याची. म्हणून कडें उघडणारें असावें, आंतील कड गुळगुळीत असावी, रोज काढून अंग धुवावें, आणि दुसरी किल्ली जवळ असावी. बधिरपणा, निळेपणा किंवा गारठा दिसतांच तें काढावें. न निघाल्यास लाज सोडून ताबडतोब रुग्णालयांत जावें. अखंड पोलादी कडें सर्वांत वाईट, कारण तें कापण्यास विशेष हत्यार लागतें.

हीच कसोटी संग्राहकास उपयोगी आहे. युरोपांतील संग्रहालयांत 'मध्ययुगीन' म्हणून मिरविलेले स्त्रियांचे लोखंडी पट्टे बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील बनावट ठरले, कारण ते अंगावर धारण करून माणूस जगूं शकेल काय, हा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आपल्याकडील नगांची अशी गत होऊं नये. प्रत्येक नगाचें वजन, आंतील व्यास, सांधा व बिजागरी, आंतील कडेची झीज, कुलूप असल्यास त्याची जागा, व तो कोणत्या आखाड्यांतून आला, एवढें टिपावें. आंतून झिजलेलें लांकूड साधूचें आयुष्य सांगतें. कांटेरी व कोरें लोखंड विकणाऱ्याचें. नाशिकच्या २०२६-२७ च्या सिंहस्थांत, धारण करणाऱ्यांस आदरानें विचारून, हें काम जिवंत माणसांकडून करून घेतां येईल. साधूमागें त्याचें लोखंड भंगारांत गेलें, म्हणजे उरतें तें नुसतें नांव, आणि नांव तर आपण आधींच चुकीचें दिलेलें असतें.

सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर.