वारा, कर्णा आणि हिशेब

वाऱ्याची किंमत पनवेलकरांना नव्याने सांगायला नको. या बंदरातली गलबते वाऱ्यावरच चालली. शीड केव्हा उभारावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा उतरवावे, हे तांडेलांना पक्के ठाऊक असे. त्याच वाऱ्यापासून वीज करण्याच्या एका युक्तीचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत. ती युक्ती अशी की, पवनचक्कीचे चाक उघडे न ठेवता त्याभोवती कर्णा बसवायचा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. तेव्हा वारा कोंडून त्याचा वेग वाढवावा, असे कोणाच्याही मनात येईल. पण चाकापुढे नुसते नरसाळे धरले तर बराचसा वारा आत न शिरता बाजूने निघून जातो. खरी किमया मागच्या अंगाला आहे. चाकामागे हळूहळू रुंदावत जाणारा कर्णा असला की चाकामागचा दाब उतरतो आणि चाकातून अधिक हवा ओढली जाते. रुंदी एकाएकी वाढवली तर मात्र हवा भिंत सोडते, भोवरे उठतात आणि लाभ बुडतो.

उघड्या चाकाला वाऱ्यातील शक्तीच्या २७ भागांपैकी फार तर १६ भाग घेता येतात, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली दाखवून दिले. १९५६ साली इंग्लंडात क्रॅनफील्ड येथे लिली आणि रेनबर्ड यांनी कर्ण्याच्या चक्कीचे गणित मांडले. १९७० नंतर अमेरिकेत ग्रुमन या विमान कंपनीने त्यावर प्रयोग केले, आणि बेट्झची मर्यादा ओलांडल्याची भाषा सुरू झाली. १९९० नंतर न्यूझीलंडमध्ये मोठी चक्की उभारून पाहिली. अपेक्षेइतकी वीज मिळाली नाही.

मग मर्यादा ओलांडली म्हणजे काय? समजा, चाक दोन हात व्यासाचे आहे आणि कर्ण्याचे मागचे तोंड तीन हातांचे. कर्ण्यामुळे वीज दुप्पट झाली. पण तीन हातांचे उघडेच चाक लावले असते तर वीज सव्वादोनपट मिळाली असती! चाकाच्या क्षेत्राने भागले तर कर्णा जिंकतो, तोंडाच्या क्षेत्राने भागले तर हरतो.

भागायचे कशाने, हा प्रश्न कामगारांच्या ओळखीचा आहे. विणकऱ्याने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, या योजनेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सहा महिने संप केला. त्या योजनेतही माणशी कापड वाढलेलेच दिसले असते. कामावरून निघालेला माणूस मात्र त्या भागाकारात कोठेच नव्हता.

कर्ण्याच्या हिशेबातही वादळ असेच गळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या रायगड जिल्ह्याची दैना केली. अशा वाऱ्यात मोठ्या उघड्या चक्कीची पाती वळवून ठेवता येतात. कर्णा शिडासारखा उतरवता येत नाही. त्याला पेलणारा खांब आणि पाया यांचे पैसे कोणाला तरी मोजावेच लागतात. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या उभ्या राहिल्या त्या उघड्या पात्यांच्याच, याचे नवल वाटू नये.

म्हणून कर्णा टाकाऊ ठरत नाही. जेथे लांब पात्यांना जागा नाही, तेथे लहान चाकाला तो उपयोगी पडेल. पण उद्या कोणी गच्चीवर असे यंत्र बसवायला आला, तर वीज किती, एवढेच विचारून थांबू नये. ती कशाने भागली आणि वादळाचा खर्च कोठे मांडला, हेही त्याला विचारावे.