लोकनायक बापूजी अणे : सत्तापद आणि काव्यनिष्ठा

चिखलदऱ्यापासून वणीपर्यंतच्या वऱ्हाडाच्या इतिहासात राजकारण व वाङ्मय यांची सांगड माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे (१८८०-१९६८) यांच्या चरित्रात ठळकपणे आढळते. १९३० मध्ये त्यांनी पुसद येथे जंगल कायदा मोडून कारावास पत्करला. १९४१ मध्ये मात्र त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात प्रवेश केला. ही विसंगती टीकेस पात्र ठरते; तथापि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणप्रसंगी त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला, हेही विसरता येत नाही. त्याच वर्षी ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी झाले आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल राहिले. पदे बदलली, तरी टिळकनिष्ठा अढळ राहिली. टिळकांवरील त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्यास १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर लाभला. म्हणूनच त्यांचे मूल्यमापन केवळ पदांवरून करणे अपुरे ठरते.