लुटीच्या वस्तू आणि परतीची वाट

ठाण्याच्या ज्या किल्ल्यांत आज तुरुंग आहे, तो मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला. दोन वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांपुढें वसई शरण आली. शत्रूला शस्त्रें व चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा तहानें मिळाली. परंतु त्या प्रांतांतील ख्रिस्ती देवळांच्या अनेक घंटा विजयचिन्हें म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हें साल कोरलेलें आहे. भीमाशंकर व मेणवली येथेंही अशा घंटा आहेत.

या घंटांचें स्मरण आजच करण्यास कारण आहे. १८९७ सालीं इंग्रज फौजेनें आफ्रिकेंतील बेनिनचा राजवाडा लुटला आणि तेथील धातुशिल्पें युरोपच्या संग्रहालयांत पांगलीं. त्यांतील कांहीं जर्मनीनें २०२२ सालीं, व ११९ वस्तू नेदरलंडनें २०२५ सालीं नायजेरियाला परत केल्या.

आपल्या पदरीं काय पडलें? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें साताऱ्यास आलीं, तीं तीन वर्षांच्या उसनवारीनें. आणि तीं शिवछत्रपतींचींच होत असें निश्चित सांगतां येत नाहीं, असें त्या संग्रहालयाचेंच म्हणणें आहे. रघूजी भोसल्यांची तरवार महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं लंडनच्या लिलांवांतून मोल देऊन सोडविली. एक वस्तु उसनी, दुसरी विकत. हक्कानें परत आलेली यांत एकही नाहीं.

हक्कानें मागावयाचें, तर मागणाऱ्याचें माप एकच असलें पाहिजे. युद्धांतील लूट हा त्या काळचा रिवाजच होता, असें आपण घंटांविषयीं म्हणूं लागलों, तर बेनिनच्या बाबतींत इंग्रजालाही तेंच म्हणतां येईल. एक भेद मात्र खरा : या घंटा कपाटांत कोंडलेल्या नाहींत, पिढ्यान्‌पिढ्या त्या देवाच्या दारीं आहेत, आणि तेथील भाविकांचाही त्यांच्याशीं ऋणानुबंध जडला आहे. म्हणून त्या उद्यांच उतरवाव्या, असें माझें सांगणें नाहीं. परंतु प्रत्येक घंटेपाशीं ती कोठून व कशी आली हें स्वच्छ लिहिलेलें असावें, आणि पुढें काय करावें हें ठरवितांना वसईच्या ख्रिस्ती बांधवांचा शब्द विचारांत घेतला जावा. परतीची पहिली पायरी म्हणजे वस्तूचा खरा इतिहास सांगणें. ती पायरी आपण चढलों, म्हणजे लंडनच्या दाराशीं उभें राहून बोलतांना आपला आवाज कापणार नाहीं.