पाव मिलिमीटरची मोकळीक

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचं दोन सिलिंडरचं इंजिन म्हणजे मोठं हट्टी प्रकरण. त्यातले दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात. एक वर असताना दुसरा खाली असता, तर एकाचा धक्का दुसऱ्यानं थोडा तरी जिरवला असता. इथं दोघांचे धक्के एकत्र बसतात. बर्ट हॉपवूड यांनी नॉर्टन कंपनीसाठी आखलेलं असं इंजिन सुरुवातीला ५०० सीसीचं होतं, तोवर ते खपून गेलं. १९६०च्या दशकात ते वाढत ७५०च्या घरात पोचलं आणि चालवणाऱ्याच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या, नटबोल्ट सैल होऊ लागले.

नॉर्टनचं नाव होतं ते मात्र गाडीच्या स्थैर्यासाठी. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी रेसिंगच्या नॉर्टनसाठी नवा सांगाडा केला. तो चालवून हॅरल्ड डॅनियल हा रेसर म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. ‘फेदरबेड’ हे नाव तेव्हापासून चिकटलं. १९५० मध्ये जेफ ड्यूकनं याच गाडीवर आइल ऑफ मॅन बेटावरची सीनिअर टीटी शर्यत जिंकली. या सांगाड्यात इंजिन पोलादाला घट्ट आवळलेलं असे. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत राहायचं, तर मध्ये मऊ काही नको, असा तेव्हाचा शिरस्ता होता.

नवं इंजिन करायला पैसा लागतो, आणि तो कंपनीकडं नव्हता. तेव्हा स्टीफन बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी थरथर थांबवण्याचा नाद सोडून ती वेगळी काढली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा चिमटा, असा सगळा एकच गठ्ठा बांधला आणि तो रबरावर सांगाड्यात बसवला. चाक गठ्ठ्यातच असल्यामुळं साखळीचा ताण बिघडत नाही. ही ‘कमांडो’ १९६७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर ती अंगात आल्यासारखी हलते. वेग वाढला की शांत.

पण आता मागचं चाक आणि सांगाडा यांच्यात रबरच आलं की! म्हणून त्या रबरानं वर-खाली आणि पुढं-मागं हलावं, आडवं मात्र हलू नये, अशी योजना होती. त्यासाठी बाजूंना पातळ चकत्या घालून मोजकी फट ठेवायची. किती? टर्नर मंडळींच्या भाषेत दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर. फट कमी झाली, तर थरथर थेट अंगात येते. जास्त झाली, तर भरवेगात गाडीचं मागचं अंग डुलू लागतं. वृत्तात लिहिणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. चकत्या बदलणं किचकट, म्हणून कित्येक मालकांनी ते केलंच नाही आणि रबर बदनाम झालं. माझ्या मते दोष होता तो इतक्या नाजूक गोष्टीची देखभाल अवघड करून ठेवण्यात. फिरवून फट जुळवण्याची सोय यायला १९७५ उजाडलं.

या रबरावर रेसिंगमध्ये जिवाची बाजी लावली पीटर विल्यम्स यांनी. ते स्वतः इंजिनिअरही होते. १९७३ ची त्यांची नॉर्टन नळ्यांच्या सांगाड्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याच्या पोकळ पेटीसारखी होती. रबर मात्र तेच. टू-स्ट्रोक जपानी गाड्यांची ताकद तिच्याहून बरीच जास्त. आइल ऑफ मॅनचा रस्ता म्हणजे साठ किलोमीटरची एक फेरी, दोन्हीकडं दगडी भिंती आणि घरं. तिथं फॉर्म्युला ७५० ची शर्यत विल्यम्स यांनी ताशी सुमारे १७० किलोमीटर सरासरीनं जिंकली. पुढच्याच वर्षी औल्टन पार्कला झालेल्या अपघातानं त्यांचं रेसिंग संपलं.

कमांडोचं उत्पादन १९७७ मध्ये थांबलं. पुढं अमेरिकेत एरिक ब्युएल यांनीही इंजिन रबरावरच ठेवलं, पण त्याला दोन्ही टोकांना सांधे असलेल्या सळ्या जोडल्या. इंजिन एकाच पातळीत हलतं. आडवं जाऊ लागलं की सळ्या धरतात. आज जुन्या कमांडोचे कित्येक मालकही इंजिनाच्या माथ्यावर अशीच एक सळी बसवून घेतात.