वतन, वशिला आणि उचल

नोकरी शोधणाऱ्या तरुणाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : चांगल्या जागा जाहिरातीत येतच नाहीत, तेव्हा ओळखी वाढव. पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांबद्दल बोलताना हे नवे शहाणपण म्हणून सांगितले जाते. बिदर आणि कलबुर्गी, म्हणजे 2014 पर्यंतचे गुलबर्गा, या कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या जिल्ह्यांना मात्र त्यात नवे काही वाटू नये. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या मराठी-कन्नड मिश्र तालुक्यांत जाहिरातीवाचून मिळणारे काम हाच पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज होता. त्यामुळे हा सल्ला पारखून घ्यायला हा मुलूख सोयीचा आहे. तो पारखून पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. न सांगितलेल्या जागा इथे नेहमीच होत्या, पण त्या मिळवताना माणूस कोणाचा ना कोणाचा तरी मिंधा झाला. जाहिरात कितीही तोकडी असली तरी या मिंधेपणावरचा तोच एक उतारा होता, आणि तोही इथे धडपणे लागू झाला नाही.

गावपातळीवर काम शोधण्याचा प्रश्नच नव्हता. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने होती. कुलकर्ण्याचा मुलगा मोडी दप्तर घरीच शिकायचा, सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली तयार व्हायचा, आणि बलुत्याचे धान्य खळ्यावरून घरी यायचे. कोणाच्या वाट्याला काय येणार हे बारशाच्या आधीच ठरलेले. आता कोणी म्हणेल, कारागिरीत तरी गुण पाहिला जात असेल. बिदरी कामाकडे बघू. जस्तात थोडे तांबे वितळवून ओतलेली सुरई कानशीने घासायची, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करायची म्हणजे कोरलेली रेघ डोळ्यांना दिसते, छिन्नीने नक्षी खोदून तीत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागर घालून पाण्यात कालवायची आणि तापवलेल्या सुरईला चोळायची. जस्त कायमचे काळे पडते, चांदी तेवढी पांढरी राहते. हे पुस्तकातून येत नाही. उस्तादाशेजारी वर्षे काढावी लागतात, आणि शेजारी कोणाला बसवायचे ते उस्ताद ठरवतो. गुण पाहिला जाई हे खरेच, पण आत घेतलेल्या पोरांपुरता. म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, 1961 च्या कायद्याने गावकीची वतनी पदे मोडली. कारागिराच्या घराला असा कायदा लावता येत नाही, लावूही नये.

वतनाच्या वरची पायरी सरकारी नोकरीची. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, दिवाण पहिल्या सालारजंगाने कारभार नव्याने बांधला आणि त्यासाठी बाहेरून शिकलेली माणसे आणली. स्थानिकांची कुरकुर तेव्हापासूनची. 1884 मध्ये कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. पुढे 1919 च्या फर्मानाने मुलकी नियम पक्के झाले : नोकरी हवी तर माणूस मुलकी, म्हणजे याच मुलखातला, हवा, आणि बाहेरून आलेला असेल तर किमान 15 वर्षांचे वास्तव्य आणि माघारी न जाण्याचे प्रतिज्ञापत्र हवे. हे नियम स्थानिकांच्या भल्याचेच होते, असा आक्षेप इथे येईल. हेतू तसा होता हे मान्य करायला हवे. पण मुलकी दाखल्याने रांगेत उभे कोणी राहायचे एवढेच ठरत होते. रांग पुढे सरकायची ती शिफारशीने. भालकीचा मराठी मुलगा जन्मानेच मुलकी होता, तरी त्याची घरची भाषा कुलकर्ण्याच्या दप्तरापुरती होती आणि कचेरीची भाषा त्याला वेगळी शिकावी लागे. दाखल्याची किंमत वाढली तसा खोट्या दाखल्यांचा धंदाही वाढला. निजामाचे राज्य भारतात आणणाऱ्या 1948 च्या पोलीस कारवाईनंतर बाहेरून अधिकारी आले, मुलकी असल्याचे खोटे कागद निघाले, आणि सप्टेंबर 1952 मध्ये हैदराबादेत या प्रश्नावरच्या आंदोलनात गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. त्याच उलथापालथीत उर्दूवर पोसलेली अनेक घरे एका फटक्यात उघडी पडली, हेही विसरता येत नाही. राज्याची भाषा बदलली की अक्कल तीच राहूनही माणूस अडाणी ठरतो.

या सगळ्यात एक वाट वेगळी होती. जागा नाही, मग काम आपणच उभे करायचे, ही ती वाट. गुलबर्ग्यात 1907 मध्ये नूतन विद्यालय सुरू झाले. सरकारी कृपेवर न चालणारी शाळा म्हणजे मुलांची सोय तर होतीच. शिवाय शिकलेल्या माणसाला मान देणारी आणि दरबारच्या शिफारशीवाचून मिळणारी ती नोकरी होती. वकिली हा तसाच दुसरा मार्ग. गुलबर्ग्यात वकिली केलेले केशवराव कोरटकर पुढे हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासापूर्वीचे व्यंकटेश खेडगीकर. कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे मदतनीस म्हणून काम करून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले आणि 1952 मध्ये गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. ही वाट मुख्यतः आधीच अक्षरओळख असलेल्या, बहुतेक उच्चवर्णीय घरांची होती, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तरीही वतन आणि वशिला यांच्याहून तिचा एक गुण निराळा : शाळेच्या बाकावर पुढे दुसऱ्यांची मुलेही बसली.

ज्यांना शाळाच नव्हती त्यांच्यासाठी रेल्वे होती. 1860 साली सोलापूरला पोचलेला लोहमार्ग 1871 मध्ये गुलबर्ग्यावरून रायचूरला गेला. वाडी ते सिकंदराबाद फाटा 1874 चा. म्हणजे हैदराबादच्या आधी गुलबर्गा मुंबईला जोडले गेले, आणि कामाची दिशा पश्चिमेकडे वळली. बिदरला गाडी यायला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लागली. शहाबादची फरशी मराठी घराघरांत गेली आणि माणसे सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांत. गिरणीत जाहिरात नसे. जॉबर माणूस घेई आणि त्यासाठी दस्तुरी उकळी. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 मध्ये ही पद्धत मोडण्याची शिफारस केली. ऊसतोडीतला मुकादम त्याच वळणाचा : नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगामाआधी उचल, आणि ती फिटेपर्यंत बांधिलकी. परक्या शहरात ओळखीचा माणूस आधार असतो, तो आजारपणात पैसे देतो, खोली बघून देतो, असे म्हणतात आणि ते खोटे नाही. पण आधार देणारा आणि कर्ज देणारा हात एकच असला की मजुरीबद्दल तोंड कोण उघडणार?

1956 च्या पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, बाकीचा मराठी भाग म्हैसुरात गेला आणि कचेरीची भाषा पुन्हा बदलली. तीन वर्षांनी, 1959 मध्ये, रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवण्याची सक्ती करणारा केंद्राचा कायदा आला. रिकामी जागा उघडपणे सांगितली पाहिजे, हे त्यात स्पष्ट दिसते. पण त्या कायद्यात जागा कळवण्याची सक्ती होती, एक्स्चेंजकडूनच माणूस घेण्याची नव्हती. आणि खाजगी शेतीकाम, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम त्यातून वगळले होते. म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक हातांना मिळणारे काम वगळलेलेच. पुढे 98 व्या घटनादुरुस्तीने 371(जे) कलम आले आणि सरकारी नोकऱ्यांत या भागाला राखीव जागा मिळाल्या. त्याचा फायदा खरा आहे, पण तो सरकारी जागांपुरता, आणि परीक्षेचे कन्नड येणाऱ्यांना अधिक. महाराष्ट्र आपल्या भरतीत, ज्यांवर त्याचा दावा आहे त्या कर्नाटकातल्या सीमेवरच्या 865 गावांच्या उमेदवारांना घेतो, त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतो. आकडा मुलकी फर्मानाचाच, हा योगायोग असेल.

म्हणून जाहिरातींना नावे ठेवून ओळखीची भलामण करणाऱ्यांशी माझे पटत नाही. कारखान्याने, बांधकामाच्या ठेकेदाराने, खाजगी शाळेने आपल्या जागा आणि पगार मराठी, कन्नड आणि उर्दूत गावच्या चावडीवर लावावेत, एवढी मागणी तरी दोन्ही राज्यांतल्या लोकप्रतिनिधींकडे करायला हवी. तांड्यावरून बांधकामावर जाणाऱ्या जोडप्याला मजुरी किती ते आजही मुकादमच सांगतो, आणि तेही बहुधा उचल हातात पडल्यावर.