मोरीमागचा अळू

आमच्या आजीकडे मोरीचं पाणी कधी वाया गेलं नाही. भिंतीतल्या भोकातून ते थेट परसात जायचं, आणि तिथे अळू, कर्दळ, दोन केळी. फतफतं त्याच अळूचं. आम्ही भावंडं नाक मुरडायचो, ते सोडा.

मागच्या उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले तेव्हा मी ऐटीत वॉशिंग मशीनचं पाणी कुंड्यांना घालू लागलो. दोन महिन्यांत माती वरून पांढरी, आतून दगड. जास्वंद करपली. आजीचं चालायचं, माझं का नाही?

कारण पाणीच बदललंय. आजी भांडी चुलीच्या राखेने घासायची, डोक्याला शिकेकाई, कपडे ओढ्यावर. राखेतलं पोटॅशियम झाडांना चालतं. शिवाय पाणी विहिरीवरून शेंदून आणलेलं, म्हणून मोजकंच. अळू ते पिऊन टाकायचा.

मग 1959 मध्ये सर्फ आलं. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केलं आणि स्वस्त पावडर घरोघरी पोचली. पावडरीत धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम. ते साचलं की चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, पाणी मुरतच नाही. त्यात गावोगाव नळ आले, पाणी वाढलं, अळूच्या जागी डबकी आणि डास. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्यात गावांनी शोषखड्डे खणले. पूर्वी जे काम परस फुकटात करायचं, त्यासाठी आता दगडगोटे भरलेला खड्डा लागला!

फ्लॅटमध्ये खड्डा कुठे खणणार? म्हणून मी पाण्याची वाटणी केलीय. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना. मशीनचं साबणाचं पहिलं पाणी कमोडमध्ये, बादलीने. शेवटच्या खळबळण्याचं फुलझाडांना, तेही मुळाशी, आणि मध्येमध्ये साधं पाणी. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला अजिबात नाही. घरात कुणाला जुलाब असतील किंवा बाळाचे लंगोट धुतले असतील, तर ते पाणी सरळ गटारात. आणि साठवायचं नाही, त्याच दिवशी संपवायचं. मी एकदा दोन दिवस बादली झाकून ठेवली होती. झाकण उघडल्यावर आई जे बोलली ते एपिसोडमध्ये सांगण्यासारखं नाही.

बाल्कनीत आता अळू लावलाय. खायचा की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.