कॅड ब्राउझरात कसे आले

ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस विक्रीस आले, तेव्हा ते एका यंत्राशी बांधलेले नव्हते. सीपी/एम आणि आयबीएम पीसी या दोन्हींवर ते चालत असे. पुढे युनिक्स आणि मॅकिंटॉशसाठीही आवृत्त्या निघाल्या. हे औदार्य महाग होते. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची पडद्यावर चित्र काढण्याची रीत वेगळी, त्यामुळे एकच सुधारणा अनेकदा करावी लागे. १९९७ च्या चौदाव्या आवृत्तीत केवळ विंडोज उरले; मॅकसाठी ते परतायला २०१० उजाडले. १९९५ सालचे सॉलिडवर्क्स तर विंडोजसाठीच जन्मले होते. लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्याला आरेखनासाठी प्रयोगशाळेतील संगणक रिकामा होण्याची वाट पाहणे आले.

ब्राउझरचा उपाय सुचायला सोपा होता, साधायला नव्हे. चित्र दाखवण्याची सोय २०११ साली वेबजीएलने केली. अचूकतेचा प्रश्नही, समजला जातो तसा, नव्हता; जावास्क्रिप्टमधील संख्या ६४-बिटीच असतात. खरी अडचण होती ती भूमितीच्या गाभ्याची. दोन घनाकार एकमेकांत शिरले तर त्यांची छेदरेषा नेमकी कोठे पडते, हे सोडवणारी सी++ मधील अवाढव्य संहिता अनेक दशकांत, असंख्य अपवाद सांभाळत घडलेली असते. ती नव्याने लिहिणे म्हणजे जुने सगळे दोष पुन्हा एकदा शोधत बसणे.

सॉलिडवर्क्सचे संस्थापक जॉन हर्शटिक यांनी ऑनशेपमध्ये गाभा दूरच्या सर्व्हरवरच ठेवला. २०१५ साली खुल्या झालेल्या या सॉफ्टवेअरात भूमिती तेथे सुटते, ब्राउझर तयार त्रिकोणांचे जाळे रंगवतो. ऑटोडेस्कने उलट वाट धरली: एमस्क्रिप्टेनच्या साहाय्याने जुनी सी++ संहिता वेबअसेम्ब्लीत उतरवून २०१८ साली ऑटोकॅड ब्राउझरात आणले. त्यात मूळ सॉफ्टवेअरच्या सगळ्या सोयी नव्हत्या. तरीही सुमारे साडेतीन दशकांची संहिता नव्या घरात चालू लागली, हे अधिक नवलाचे.

निवड केवळ तांत्रिक नाही. सर्व्हरवरचा गाभा ऑपरेटिंग सिस्टिमपासून सुटका देतो, पण इंटरनेट तुटले की काम थांबते आणि आराखडा दुसऱ्याच्या यंत्रावर राहतो. इंटरनेट जेथे बेभरवशाचे, तेथे हा हिशेब जड पडतो.

म्हणून मुक्त गाभ्यांकडे लक्ष द्यायला हवे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातील ऑस्डॅग हे मुक्त सॉफ्टवेअर आयएस ८००:२००७ या भारतीय मानकानुसार पोलादी बांधकामातील जोडांचे संकल्पन करते. त्याची त्रिमितीय चित्रे ओपन कॅस्केड या, १९९९ साली मुक्त झालेल्या, गाभ्यावर उभी आहेत. हाच गाभा आता वेबअसेम्ब्लीतही उपलब्ध आहे. एकदा पान उघडले की तुळई आणि खांब यांचा जोड विद्यार्थ्याच्याच लॅपटॉपवर घडवता येईल, मग त्यावर विंडोज असो वा उबुंटू. अख्ख्या कारखान्याच्या सांगाड्याची गोष्ट वेगळी: ३२-बिटी वेबअसेम्ब्लीला ४ गिगाबाइटांपलीकडची स्मृती वापरता येत नाही.